इलेक्ट्रिक गिटार : मॉडेल, पिकअप आणि बाकीचं लोखंड. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवर दर रविवारी आम्ही सात-आठ जण गिटारी घेऊन जमतो. कुणी बँकेत, कुणी अंबडच्या कारखान्यात, दोघं अजून कॉलेजात. वाजवणं तासभर, वाद तीन तास. नवा माणूस आला की तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. मतं माझी आहेत. गच्चीवर ती सगळ्यांना मान्य नाहीत.

पहिली इलेक्ट्रिक घ्यायची आहे. स्ट्रॅट, टेली की लेस पॉल?

कुठलं संगीत वाजवणार, ते नंतर बघू. आधी गिटार मांडीवर घ्या, मग पट्टा लावून वीस मिनिटं उभे राहा. गिब्सनची लेस पॉल बऱ्याचदा चार किलोच्या वर भरते : महोगनीचं जाड अंग आणि त्यावर मेपलचा थर. दुकानात मोठी रुबाबदार दिसते, पण मंडळाच्या कार्यक्रमात तिसऱ्या तासाला डावा खांदा बोलायला लागतो. फेंडरच्या स्ट्रॅटला (पूर्ण नाव स्ट्रॅटोकास्टर) पोटाशी टेकते तिथे आणि उजवा हात रेलतो तिथे लाकूड उतरतं केलंय, त्यामुळे ती अंगाला बसते. टेलीही (टेलिकास्टर) फेंडरचीच, पण ती म्हणजे सरळ फळी.

दुसरी गोष्ट स्केल लेंग्थ, म्हणजे वरच्या टोकाच्या नटपासून अंगावरच्या ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी. स्ट्रॅट-टेलीची ६४८ मिलिमीटर, गिब्सनची साधारण ६२८. दोन सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण तोच तारांचा सेट गिब्सनवर मऊ लागतो आणि बेंड (तार ओढून सूर चढवणं) सहज जातो. फेंडरवर तार ताठ राहते, खालचे सूर जास्त मोकळे येतात. बोटं लहान असतील तर हे वीस मिलिमीटर आवाज टिपणाऱ्या पिकअपपेक्षा महत्त्वाचे.

टेली १९५० साली आली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. लेस पॉल १९५२ ची, स्ट्रॅट १९५४ ची. लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. म्हणूनच की काय, त्याने ती दुरुस्तीला सोपी केली : नेक, म्हणजे गिटारची मान, चार स्क्रूंनी बसवलेली, बिघडली तर काढा आणि दुसरी लावा. टेली म्हणजे जातं आहे, बिघडण्यासारखं तिच्यात फारसं काही नाहीच. आज बाजारात दिसणारी बहुतेक नवी मॉडेलं या तिघींच्याच लेकी-सुना.

माझं मत विचाराल तर पहिल्या गिटारला एचएसएस रचना बघा : नेकजवळ आणि मध्ये सिंगल कॉइल, ब्रिजजवळ हंबकर. हे पिकअपचे दोन प्रकार, फरक पुढे सांगतो. यामाहाची पॅसिफिका ११२ याच घरातली. आपल्याला काय आवडतं ते कळेपर्यंत दोन्ही चवी हाताशी राहतात.

स्क्वायर म्हणजे ड्युप्लिकेट फेंडर का?

नाही. तो फेंडरचाच ब्रँड. स्क्वायर ही तारा बनवणारी जुनी कंपनी, फेंडरने ती १९६५ साली घेतली आणि १९८२ पासून ते नाव स्वस्त गिटारींना दिलं. एपिफोनचंही तसंच, ती १९५७ पासून गिब्सनकडे आहे. मापं जवळजवळ तीच असतात. पैसे वाचवलेले असतात ते फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडा घासण्यात, पॉट (आवाज आणि टोन फिरवायचे), स्विच, जॅक आणि ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) यांमध्ये. यातलं बरंचसं नंतर बदलता येतं. नेकचा आकार हाताला पटला नाही, तर मात्र त्यावर इलाज नाही.

सिंगल कॉइल आणि हंबकर यांत नेमका फरक काय?

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. म्हणून नायलॉनच्या तारा लावल्या तर इलेक्ट्रिक गिटार मुकी होते.

वेटोळं एकच असलं की सिंगल कॉइल. आवाज स्वच्छ, टोकदार, पिक लागल्याचा टणत्कार अगदी समोर. पण हेच वेटोळं अँटेनाचंही काम करतं आणि घरातल्या वायरिंगची घरघर इमानदारीने गोळा करतं. गिब्सनमधल्या सेथ लव्हरने १९५५ साली पेटंटचा अर्ज केला तो यावरच्या उपायासाठी : दोन वेटोळी शेजारी ठेवायची, एकाचे वेढे उलटे आणि त्याच्या चुंबकाची दिशाही उलटी. बाहेरून येणारी घरघर दोन्हींत विरुद्ध उमटते आणि मिटते. तारेचा सूर मात्र दोनदा उलटल्यामुळे सरळ होतो आणि त्याची बेरीज होते. १९५७ पासून हे पिकअप गिटारींवर दिसू लागले. तळाला ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी असायची, त्यावरून त्या जुन्या हंबकरांना आजही पीएएफ म्हणतात.

हंबकरचा आवाज जाड आणि गोल का? तो तारेचं कंपन एकाच वेळी दोन जागांवरून ऐकतो, त्यात अगदी वरचे काही स्वरांश एकमेकांना खातात. शिवाय वेढे जास्त, त्यामुळे वरचा चरचरीतपणा आणखी कमी होतो. डिस्टॉर्शनमध्ये हे वरदान. लावणीच्या ठेक्यावर कटकटीत ऱ्हिदम हवा असेल तर तोच गुण नडतो.

आणि हो, सध्याच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलट्या वेढ्यांचा असतो, त्यामुळे पिकअप निवडायच्या स्विचच्या पाच खटक्यांपैकी दुसऱ्या आणि चौथ्यावर घरघर गायब होते. गंमत म्हणजे १९५४ च्या स्ट्रॅटला तीनच खटके होते. लोक काडी अडकवल्यासारखा स्विच मध्येच थांबवून तो आवाज काढायचे. पाच खटक्यांचा स्विच कारखान्यातूनच लावून यायला १९७७ उजाडलं.

सिंगल कॉइल आणि हंबकर यांच्या मधला हवा असेल तर पी-९०, १९४६ पासूनचा. सिंगल कॉइलच, पण रुंद आणि खरखरीत आवाजाचा. घरघर त्यालाही आहे.

अ‍ॅम्प लावला की घूं आवाज येतो. पिकअप गेलाय का?

बहुधा नाही. पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात आमचा एक मित्र राहतो. त्याच्या स्ट्रॅटमधून इतकं घूं यायचं की खालून आजी विचारायच्या, गिरणी सुरू झाली का रे. त्याने नवे पिकअप मागवले, बसवले. घूं जसंच्या तसं. मग एके दिवशी अंबडवाल्याने टेस्टर घेऊन सॉकेट उघडला. तीन भोकं होती, पण वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती. अर्थिंग फक्त दिसायला. वायरमनकडून अर्थिंग करून घेतल्यावर घूं निम्म्याहून कमी झालं. जुने पिकअप तो अजून डब्यात ठेवून आहे; बघितले की चिडतो.

स्वतः तपासायचा क्रम असा. तारांना हात लावल्यावर आवाज कमी झाला तर काळजी नको, तुमचं शरीर घरघर गोळा करत असतं आणि तारांमधून ती अर्थला जाते. हात लावल्यावर वाढला तर आतली एखादी वायर उलटी किंवा सुटलेली आहे. खुर्चीत बसून हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला घूं कमी होत असेल तर तो सिंगल कॉइलचा स्वभाव, बिघाड नाही. पंख्याचा रेग्युलेटर आणि डिमर बंद करून बघा. मोबाइल चार्जर त्याच बोर्डावर नको.

एक मात्र कळकळीने सांगतो. घूं जावं म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थ पिन कापणारे, दोन पिनी अडॅप्टर लावणारे महाभाग मी पाहिलेत. घूं जातंही. मग एक हात तारांवर असताना ओठ माइकला लागतात आणि झटका बसतो. असं कधीही करू नका.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून हे घूं ५० आणि त्याच्या दुप्पट १०० वर येतं. जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्झचा. म्हणजे नाशिकचं घूं जी सुरात, पण किंचित चढं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. व्हिडिओत ‘सिक्स्टी सायकल हम’ म्हणतात ते हेच.

आतल्या खाचेला तांब्याची टेप चिकटवण्याचा उपाय चुरचुर आणि खरखर कमी करतो, मूळ घूं फारसं नाही. टेपचे सगळे तुकडे एकमेकांना आणि अर्थला डागून जोडले पाहिजेत, नाहीतर तांब्याच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात राहून तांबं वाया घालवलं इतकंच.

आठ के चा पिकअप सहा के पेक्षा जोरकस असतो ना?

हा आकडा म्हणजे वेटोळ्याचा रोध. स्ट्रॅटचा साधा पिकअप सहा किलोओहमच्या आसपास, जुन्या धाटणीचा हंबकर साडेसात ते साडेआठ. एकाच घडणीच्या दोन पिकअपांत तुलना करायला आकडा ठीक. पण बारीक तार वापरली की वेढे न वाढवताही रोध वाढतो, आणि चुंबक कुठला आहे हे त्यात कळतच नाही. अल्निको म्हणजे लोखंडाबरोबर अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट. त्यातला दोन नंबर मऊ, पाच नंबर जास्त ताकदीचा. सिरॅमिक आणखी ताकदवान आणि स्वस्त. नुसत्या के वरून पिकअप निवडणं म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजून भाताची चव सांगणं.

मग पिकअप बदलू का?

आधी स्क्रू ड्रायव्हर घ्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेच्या खालपासून पिकअपच्या खांबापर्यंत अंतर मोजा. साध्या सिंगल कॉइलला जाड तारेकडे सुमारे २.४ मिलिमीटर, बारीककडे २ मिलिमीटर इथून सुरुवात करा. अर्ध्या मिलिमीटरने खाली-वर केलं की आवाज असा बदलतो की दोनदा माझा पिकअप घ्यायचा बेत बारगळलाय. फार जवळ आणला तर चुंबकच तार ओढतो : वरच्या फ्रेटवर जाड तार सुरात लावूनही बेसूर, आणि सुरात एक विचित्र थरथर. अशी गिटार ‘खराब पिकअपवाली’ म्हणून विकली गेल्याचं माहितीत आहे.

एका रविवारी आम्ही एकाच गिटारीवर तीन वेगवेगळ्या ब्रिज पिकअपचं रेकॉर्डिंग केलं, नावं झाकून सगळ्यांना ऐकवलं. मोठमोठ्याने मत मांडणाऱ्या दोघांनी सगळ्यात महागड्याला ‘फॅक्टरीचा’ म्हटलं. त्यातला एक मी.

उंची लावून, तारा नव्या घालूनही आवाज चिखलासारखा वाटत असेल तर बदला. ब्रिजचा बदला, सहसा नाराजी तिथलीच असते.

पॉट २५० के की ५०० के?

सिंगल कॉइलला २५०, हंबकरला ५००, हा जुना रिवाज. कारण सोपं : पॉट जितका कमी रोधाचा, तितके वरचे सूर अर्थला जास्त झिरपतात. टोकदार सिंगल कॉइलला ती झीज बरी, आधीच गोल असलेल्या हंबकरला नको. हंबकर घातला आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर आधी पॉटवरचा आकडा बघा. टोनचा कॅपॅसिटर हंबकरला ०.०२२ मायक्रोफॅरड आणि सिंगलला ०.०४७ असा साधारण मिळतो. टोन पूर्ण उघडा असताना त्याचा फरक जवळपास ऐकूच येत नाही, म्हणून महागडे ‘व्हिंटेज’ कॅपॅसिटर घेऊ नका. लांब केबलही वरचे सूर खाते. आठ-दहा मीटरची वापरत असाल तर एकदा तीन मीटरची लावून ऐका.

अ‍ॅक्टिव्ह पिकअप कसे?

आत छोटा प्रिअँप (आवाज वाढवणारं सर्किट), त्याला नऊ व्होल्टची बॅटरी. आवाज स्वच्छ, घूं नाही, मेटल संगीत वाजवणाऱ्यांचे लाडके. केबल जॅकमध्ये राहिली की बॅटरी उतरते आणि ती नेमकी कार्यक्रमाच्या दिवशी उतरते.

लाकडाने आवाजात फरक पडतो का?

गच्चीवर हा विषय काढायला बंदी आहे. माझं मत : अकूस्टिकमध्ये लाकूड सर्वस्व, इलेक्ट्रिकमध्ये ते वजन, टिकाऊपणा आणि देखणेपणा ठरवतं, कानाला पिकअप, त्याची जागा, तारा आणि अ‍ॅम्पच आधी भेटतात. रोजवूड फिंगरबोर्ड म्हणून जे नावाजतात त्यातलं एक आपलंच शिसव. २०१७ साली सगळ्या रोजवूड जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले तेव्हा काही कंपन्या पाव फेरो या दुसऱ्या लाकडाकडे वळल्या. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

फ्रेटची पट्टी मात्र ओळखीची निघते. तिला निकेल सिल्व्हर म्हणतात, चांदीचा त्यात कणही नाही : तांबं, जस्त आणि निकेल. तेच आपलं जर्मन सिल्व्हर.

ट्युनिंग सारखं उतरतं. लॉकिंग ट्यूनर घेऊ?

दहातल्या बहुतेक वेळा दोषी नट असतो, ट्यूनर नाही. ट्यूनर फिरवताना ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो का? तो तार नटच्या खाचेत अडकून सुटल्याचा. शाळेची मऊ पेन्सिल घ्या, तार बाजूला काढा, खाचेत टोक घासून शिसं भरा, तार परत बसवा. किरकोळ खर्चाचं काम. तेवढ्याने थांबलं नाही तर खाच अरुंद आहे. ती घासायला जाणत्याकडे द्या, कारण जास्त घासली गेली तर नट बदलावा लागतो.

नवी तार हाताने हळुवार ओढून ताणून घ्या, ट्यूनरवर दोन-तीनच वेढे द्या. आमच्याकडच्या एका कॉलेजकुमाराने अकरा वेढे दिले होते, बोबिनच.

फ्लॉइड रोझ घ्यावा का?

हा दांडीने हलवता येणारा ब्रिज. नटला आणि ब्रिजला तारा कुलूपबंद, म्हणून कितीही पाडला-उचलला तरी सुरात परत येतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीची ही कल्पना, ऐंशीच्या दशकात गाजली. तुम्हाला तसंच वाजवायचं असेल तर त्याला पर्याय नाही.

पण तो मागच्या स्प्रिंगा आणि पुढच्या तारा यांच्या ओढाताणीवर तरंगतो. गणपतीतल्या एका कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्यात माझी बारीक तार तुटली. एका बाजूची ओढ कमी झाली, स्प्रिंगांनी ब्रिज मागे खेचला आणि उरलेल्या पाचही तारा एकदम चढल्या. साध्या ब्रिजवर पाच तारांत गाणं निभावलं असतं. मी आवाज शून्यावर नेला आणि चार मिनिटं हसतमुखाने हवेत वाजवलं. कीबोर्डवाल्याने झाकून घेतलं. बाहेर वाजवणाऱ्यांना मी दोन टेकूंचा साधा ट्रेमोलो (दांडीवाला ब्रिज) नाहीतर थेट पक्का ब्रिज सांगतो. स्वस्तातला फ्लॉइड तर नकोच, त्याच्या धारा लवकर झिजतात.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

नाशिक शहरात इगतपुरीसारखा पाऊस नाही, पण जुलैत भिंतींना ओल असते. गिटार बाहेरच्या भिंतीला टांगू नका. वाजवून झाल्यावर जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने तारा खालून-वरून पुसा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि अधूनमधून बदला.

लोकांच्या लक्षात येत नाही तो हिवाळा. निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला की हवा कोरडी होते, फिंगरबोर्ड किंचित आकसतो आणि धातूच्या फ्रेटची टोकं कडेने बाहेर येतात. नेकवरून हात फिरवला तर करवतीसारखं लागतं. फ्रेट वाढलेले नसतात, लाकूड लहान झालेलं असतं. बारीक कानशीने टोकं मारून घ्या. पुन्हा त्रास होत नाही.

सेटअप स्वतः करू का?

करा. क्रम चुकवू नका : तारा, सूर, ट्रस रॉड (नेकच्या आतली लोखंडी कांब, तिने नेकचा बाक ठरतो), मग उंची, शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर अचूक येणं. दहा-शेहेचाळीसचा (सगळ्यात बारीक ते सगळ्यात जाड तार, इंचाच्या हजाराव्या भागात) सेट ६४८ च्या स्केलवर नेकला सुमारे ४६ किलोंनी ओढतो, नऊ-बेचाळीसचा ३९ च्या आसपास. म्हणून तारांची जाडी बदलली की नेकचा बाक बदलतोच.

जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा. ती आता सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत ०.२ ते ०.२५ मिलिमीटरची फट हवी. ही फट डोळ्याने कळत नाही. आमच्या अंबडवाल्याने खिशातून फिलर गेज काढला, पाती आत सरकवली आणि म्हणाला, ‘पंधरा वर्षं मशिनवर हेच करतोय, फक्त मशीन बेसूर होत नाही.’ फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, मग परत सुरात लावून मोजा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. जोर लावावा लागत असेल तर थांबा.

बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाडीकडे २ आणि बारीककडे १.६ मिलिमीटर, इथून आपल्या बोटाप्रमाणे हलवा. इंटोनेशनसाठी बाराव्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) आणि दाबलेला सूर सारखा येतो का बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, मागे न्या.

जुनी गिटार घेताना काय बघायचं?

नेकच्या एका टोकाकडून बंदुकीच्या नळीतून बघतात तसं बघा, पीळ दिसतो. प्रत्येक फ्रेटवर सूर वाजवा. पॉट फिरवा, स्विच खटाखट मारा. ट्रस रॉड फिरतो का ते विक्रेत्यासमोर तपासा. त्याने नको म्हटलं तर उत्तर मिळालं.

लेस पॉलच्या वाणाची असेल तर हेडस्टॉकच्या मागे नख फिरवा. तिथे डोकं मागे कललेलं असतं, ट्रस रॉडसाठी लाकूड आतून कोरलेलं असतं, त्यामुळे गिटार पडली की तुटते तिथेच. मी एकदा ओळखीच्या ओळखीतून एक घेतली. घरी आल्यावर दिव्याखाली धरली तर नटच्या मागे पॉलिशखाली केसाएवढी रेघ. फोन केला तर म्हणे, ‘ते डिझाइन आहे.’ चांगली डिंकवलेली चीर टिकते, माझी आजही टिकलीय, पण किंमत तशी पाडून घ्यायला हवी होती.

नाशिकमध्ये सगळी मॉडेलं बघायला मिळत नाहीत. मुंबईला जाऊ का?

एकदा जाच. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, सीएसएमटीला उतरा, वाद्यांच्या दुकानांचा धोबी तलाव चालत अंतरावर आहे. आपला पिक खिशात ठेवा आणि घरची गिटार कशी लागते ते हातात ताजं असू द्या, म्हणजे आदल्या रात्री अर्धा तास वाजवून घ्या. दुकानातल्या मोठ्या अ‍ॅम्पवर डिस्टॉर्शन लावून देतील, नको म्हणा. छोटा अ‍ॅम्प, इफेक्ट बंद, आवाज बोलण्याएवढा. प्लग लावायच्या आधी प्रत्येक गिटार कोरडी वाजवा. जी अंगात थरथरते ती बाजूला काढा. दोनच निवडा, चहा पिऊन या, परत वाजवा. त्या दिवशी विकत घेऊ नका. संध्याकाळच्या पंचवटीत कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत कुठलीची आठवण येते ते कळतं, आणि बऱ्याचदा ती यादीतली महाग नसते.